अठ्ठ्याऐंशीवं गाणं

४ मार्च

तीर्थरूप काकांना नमस्कार. तुमचा गुडघा बरा असेल असं धरून चालते.

सूचीचं काम निम्म्यावर आलं. चारशे वर्षांपूर्वीची, चार गळ्यांनी मिळून गायची गाणी. प्रत्येक गळ्याचे सुरुवातीचे दहा स्वर मी कॉम्प्युटरवर जुळवते; तेवढ्यावरून गाणं ओळखू यावं. हे सॉफ्टवेअर मात्र आगाऊ पाहुण्यासारखं आहे. न विचारता उभ्या रेघा मारतं, मात्रा जुळल्या नाहीत की लाल खुणा करतं. मी पुसून टाकते. गळा गायला लागतो तिथून ओळ सुरू, आधीचे विराम लिहायचे नाहीत, हा आपल्या घरचा नियम त्याला कुठला माहीत?

साहेब म्हणाले, माझी पानं सगळ्यांत सुटसुटीत. एकसष्ट आणि अठ्ठ्याऐंशी नंबरची गाणी म्हणजे एकच नोंद दोनदा झाल्याचं त्यामुळेच त्यांना कळलं. अठ्ठ्याऐंशी काढून टाकली. तरी रोज घरी निघताना वाटतं, काहीतरी राहिलं.

तुमच्या धाकातली,
ठिपकी

९ मार्च

चि. ठिपकीस आशीर्वाद.

लाल खुणांना घाबरणारी पोरगी मी शिकवलेली नाही. चाळीस वर्षं गाण्यांच्या नकला हातानं उतरवल्या, एकानं बोट दाखवलं नाही. जो गळा गप्प बसलाय त्याची कसली नोंद? मशीनला कान नसतात. तुमच्या साहेबांना असतील ते चष्मा अडकवायला.

काकू म्हणते, वेळेवर जेव.

तुझा,
काका

१३ मार्च

तीर्थरूप काकांना नमस्कार. जेवण जात नाही, काकूला सांगू नका.

आमच्याकडे मुद्रितं तपासणाऱ्या बाई पूर्वी गायच्या. माझं पान बघून त्यांनी विचारलं, हे चौघं एकदम का सुटलेत, जेवणाची घंटा झाली का? ज्या जुन्या वहीवरून सूची करतेय तिचे फोटो मी पुन्हा उघडले. अठ्ठ्याऐंशीत दुसरा गळा चार मात्रा थांबतो, तिसरा आठ, चौथा बारा. एकसष्टमध्ये कोणीच थांबत नाही. पहिले दहा स्वर तेच, पण गाणी दोन. मी ते थांबणं गाळलं आणि एक गाणं सूचीतून गेलं. मशीन कधीपासून ओरडत होतं, आणि मी दीडशहाणी त्यालाच हसत होते.

पानं वीस तारखेला छापायला जातील. त्याआधी साहेबांना सांगणार आहे. नोकरीवर ठेवतात की नाही, बघू. फोटोची प्रत सोबत आहे. काका, रागावू नका, पण आपला नियम आला कुठून?

ठिपकी

१६ मार्च

चि. ठिपकीस आशीर्वाद.

नियम कसला डोंबलाचा. मी ज्यांच्यासाठी नकला करायचो त्यांची सूचीची कार्डं चार बोटं रुंद होती. विराम लिहिले की स्वर मावत नसत. पुढे मोठी कार्डं आली, पण तोवर मी त्याचं तत्त्वज्ञान करून बसलो होतो, आणि तुलाही पाजलं होतं. कारण विचारणारी तू पहिली.

साहेबांना सांग, शिकवणारा काका गाढव होता. हसतील, हसू देत. खुणा मात्र तू पुसल्यास, तेवढा दोष स्वतःकडे घे.

अठ्ठ्याऐंशीच्या चारही गळ्यांची सुरुवात विरामांसकट लिहून सोबत ठेवली आहे. साहेबांसमोर ठेव. कागद नुसता आडवा धरला, सगळं मावलं.

तुझा,
काका