दुसरं बटण

आई,

१. नामपूरच्या एका बाईंना आवाज ऐकू येतात. त्यांच्या गोळीची आठवण करून देणारं आमचं ॲप सुनेच्या फोनवर आहे.
२. सकाळी आठला घंटी वाजते. ‘घेतली’ दाबल्याशिवाय थांबत नाही. दुसरं बटण नाही.
३. एकोणीस दिवस ‘घेतली’ अशी नोंद आली. गोळी एकदाही घेतलेली नव्हती.
४. विसाव्या दिवशी बाई घरातून निघून गेल्या. दोन दिवसांनी मालेगावच्या बसस्थानकावर सापडल्या, अनवाणी. आता दवाखान्यात आहेत.
५. दुसरं बटण मी काढलं होतं.

आधी ते होतं, ‘आज नाही’ असं. चाचणीत लोक तेच जास्त दाबायचे आणि गोळ्या घेतल्याचा आलेख खाली यायचा. मी म्हटलं, पर्यायच नसला तर सवय लागेल. सगळ्यांना पटलं. नवव्या दिवशी मला दिसलं की नामपूरची नोंद घंटीनंतर दोन-तीन सेकंदांत येते. तेवढ्यात पाकिटातून गोळी निघतसुद्धा नाही. मी पाहिलं आणि पुढच्या ओळीवर गेले, कारण त्या आठवड्यात आलेख चांगला दिसत होता.

हे मी ओळखायला हवं होतं. पंचवटीतल्या आपल्या स्वयंपाकघरात तू मेथी निवडत बसलेली असतेस, मी ओट्याशी उभी राहून गृहपाठ करते. शाळेतून आल्यावर तुला गोळी द्यायची, हे माझं काम. पण त्यासाठी अर्धा तास तुझी समजूत घालावी लागायची, आणि मला अभ्यास होता. बाबा दारात हेल्मेट काढता काढता विचारायचे, घेतली का. मी घेतली म्हणायचे. गोळी माझ्या कंपासपेटीत असायची. तू सगळं ऐकायचीस. एकदाच बोललीस, मेथीवरून नजर न काढता: “बाबांना खोटं सांगतेस ते राहू दे. सगळे गोळीचंच विचारतात गं. तू तरी मला विचार, कशी आहेस.” मी वहीतून मान वर केली नाही.

दोन वर्षांनी तू तापानं गेलीस. गोळ्यांचा त्याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते सोयीचं होतं, म्हणून मी धरून ठेवलं.

परवा नामपूरला जाऊन सुनेला भेटले. ती कांद्याच्या खळ्यावरून तशीच आली होती. चिडलेली नव्हती, थकलेली होती. म्हणाली, “ताई, घंटी वाजली का सासूबाई कानावर हात धरून कोपऱ्यात बसायच्या. ‘घेतली’ दाबलं का बंद. मंग मी काय करू? तुम्ही एवढं शिकलात, ‘नाय घेतली’ लिहायला जागा नव्हती काय त्यात?” मी वहीत लिहून घेतलं.

आमचे प्रमुख म्हणतात, या घटनेच्या अहवालात घरच्यांची चूक असा रकाना आहे, तो भरा. मी भरलाय. ‘सुनेने खोटी नोंद केली’ हे वाक्य चुकीचं नाही. अहवालाची एक प्रत तिच्या घरी जाते. तिचा नवरा आतापासूनच म्हणतोय, माझ्या आईला तूच घरातून घालवलंस. प्रत गेली की तो तिला माहेरी धाडेल, हे तिनं मला चहा देताना सांगितलं, सहज सांगावं तसं.

दुसरा मसुदाही लिहून ठेवलाय. त्यात बटण कुणी काढलं आणि नवव्या दिवशी कुणी काय पाहिलं, ते आहे. सोमवारी सकाळी दोन्हींपैकी एक पाठवायचा आहे. कोणता बरोबर ते मला कळतं. तोच पाठवीन याची खात्री नाही.

दवाखान्यातल्या त्या बाईंना मी अजून भेटले नाही. फोन करून फक्त विचारलं, गोळ्या सुरू झाल्या का.

रविवारपर्यंत उत्तर दे.