आपल्यात आहे का?

३ जून
लागले एकदाची नोकरीला! खिडकीपाशी टेबल, नवीकोरी खुर्ची, आणि मागावा तेव्हा चहा. ताईला फोन केला तर आनंदाने ओरडलीच. आम्ही दोघी बहिणीच राहतो. माझं कौतुक करायला तिच्याशिवाय आहे कोण?

आमची कंपनी हजेरीची वेबसाइट बनवते. आमच्या ऑफिसचं दारही कार्ड लावलं की तीच उघडते. माझ्याकडे कर्मचाऱ्यांची माहिती सांभाळणाऱ्या कोडमधली एक अर्धवट राहिलेली मेथड, म्हणजे कोडचा छोटासा तुकडा, आली आहे. ती एकच गोष्ट सांगते: हा माणूस आपल्यात आहे का? तिच्या टेस्ट नापास होतात, म्हणून ती अजून साइटवर चढवलेली नाही. टेस्टमध्ये एक खोटा कर्मचारी उभा करायचा आणि मेथडला विचारायचं. अपेक्षित उत्तर आलं तर हिरवं, नाहीतर लाल. दोन दिवसांचं काम आहे.

६ जून
मेथड थोरलीची आहे. माझ्या जागेवर आधी ती होती, मागच्या वर्षी तापाने वारली. तिला सगळे थोरली म्हणत, म्हणून मी आपोआप धाकटी झाले. काहीही केलं की थोरली ते कसं करायची हे ऐकावं लागतं. प्रमुख म्हणाले, तिचा कोड वाचला की वाचतच राहावंसं वाटतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मेली म्हैस मणभर दूध देते, दुसरं काय! गेलेल्या बाईवर जळणारी मी पहिलीच असेन. असेन तर असेन.

१० जून
आज खोट्या कर्मचाऱ्याऐवजी थोरलीलाच टेस्टमध्ये घातलं. मुद्दामच. रुजू झाल्याची तारीख, वारल्याची तारीख, अपेक्षित उत्तर: नाही. बटण जरा जोरातच दाबलं.

लाल. मेथड म्हणते, आहे.

मग स्वतःला घातलं. अपेक्षित: आहे. तेही लाल. मेथड म्हणते, नाही.

तारखा तपासल्या, डेटाबेस पुन्हा उभा केला, मेथड ओळ न् ओळ वाचली. कुठे चूक सापडेना. सुरेख लिहिली आहे, त्याचाच जास्त राग येतो.

११ जून
प्रमुखांना आज सगळं हिरवं हवं होतं. म्हणाले, थोरलीला एवढा वेळ लागला नसता. मला मिरच्या झोंबल्या. मग कुणी करू नये ते केलं. मेथडला हात न लावता टेस्टमधली अपेक्षाच बदलली. थोरली: आहे. मी: नाही. सगळं हिरवंगार! प्रमुख चक्क शाब्बास म्हणाले आणि त्यांनी मेथड साइटवर चढवली. इथे आल्यापासून आज पहिल्यांदा बरं वाटलं.

१२ जून
कार्ड लावलं, दार उघडेना. कुणाच्या तरी मागोमाग आत शिरले. चहा सगळ्यांना आला, मला नाही. माझ्या खुर्चीला कुणाची तरी पर्स लटकलेली. मी टेस्ट कशी हिरवी केली ते प्रमुखांना सांगून टाकलं. ते माझ्या मागे बघून हसले. माझ्याकडे नाही.

१३ जून
थोरली माझ्या खुर्चीत बसली आहे. भर दुपारी. सगळे तिच्याभोवती, आणि कुणाला काही वावगं वाटत नाही. मी ओरडले, अहो, ही तर— कुणी वळून बघितलं नाही. भीती वाटायला हवी. पण आधी मनात आलं ते हेच, की खुर्ची माझी आहे.

१४ जून
घरी गेले. खुर्ची घे म्हणावं, पण ताई— ताई फोनवर होती. बाळा लवकर ये, मी जेवायची थांबलेय, असं लाडाने सांगत होती. तिच्या समोरच उभी राहिले मी. फोनच्या पडद्यावर थोरलीचा चेहरा— नाही. ताई नाही. ताई माझी—

१५ जून
टेस्टमध्ये माझ्यापुढे पुन्हा 'आहे' लिहिलं. लाल. पुन्हा लिहिलं— लाल.

थोरली शेजारी येऊन उभी आहे. रागावलेली नाही. शांतपणे समजावते आहे, सगळे सांगतात तशीच. म्हणाली, मेथड नुसती विचारत होती गं, उत्तर तू तुझ्या हाताने दिलंस. जी टेस्ट उपयोगाची नाही ती काढून टाकू, म्हणते— माझी ओळ निवडली तिने— शेवटाकडून एकेक अक्षर—

ताई, मी तुझी