मुकादम सुखरूप आहे, फिल्टरही चालू आहे

तीर्थरूप आत्या,

भाच्याचा वाकून नमस्कार. मुकादम सुखरूप आहे. पत्रात आधी समोरच्याची ख्यालीखुशाली विचारावी आणि मग आपलं पुराण लावावं, हे तूच मला शिकवलंस. पण पत्र हातात पडल्यावर तुझी नजर आधी काय शोधेल ते मला ठाऊक आहे, म्हणून ते वाक्य नमस्काराला चिकटवूनच टाकलं. आता निवांत टेकून बस आणि गुडघा कसा आहे ते कळव. ताई फोनवर सांगत होती की व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनाच तू व्यायाम कसा शिकवावा ते सांगतेस. म्हणजे ऑपरेशन गुडघ्याचंच झालं, जिभेला कुठे धक्का लागलेला नाही, हे ऐकून घरात सगळ्यांना हायसं वाटलं. (सगळ्यांना म्हणजे मी, तुझी भाचेसून आणि हल्ली आमच्याकडेच राहणारे माझे सासरे. सासऱ्यांचा उल्लेख पुढे वारंवार येईल, त्याला माझा इलाज नाही.)

ऑपरेशनसाठी ताईकडे जाताना तू तुझी ती शिवणयंत्राच्या डब्याएवढी काचेची टाकी, आतल्या मुकादम माशासकट, आमच्या जेवणाच्या खोलीतल्या कपाटावर ठेवून गेलीस आणि पाणी कसं बदलायचं ते दोनदा करून दाखवलंस. मगाने थोडं पाणी काढायचं, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं तेवढंच घालायचं, आणि हे करताना मुकादमाशी बोलायचं. पहिली दोन कामं मी मन लावून केली. तिसऱ्यात कमी पडलो. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना ‘हे दिसतंय का, आता दिसतंय का’ विचारून घसा बसलेला असतो, घरी आल्यावर माशाशी काय बोलणार? त्यात एके दिवशी मगातलं पाणी हिच्या इस्त्री केलेल्या कपड्यांवर सांडलं आणि हिने शांतपणे विचारलं, की माणसाने चंद्रावर जाऊन यायचं आणि अजून माशाचं पाणी मगानेच काढायचं का? तेव्हा मी फिल्टर आणायचं ठरवलं. फिल्टर लावला तरी पाणी थोडंथोडं बदलावं लागतंच, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं त्याला मी विचारलं नव्हतं.

फिल्टर घ्यायला माझ्याबरोबर सासरेही आले. त्यांचा सगळा जन्म पाणीपुरवठ्याच्या पंपघरात गेला. अर्ध्या शहराला पाणी पाजलेला माणूस. त्यांना पंप म्हटलं की निदान खोली तरी हादरली पाहिजे. माशांच्या दुकानाची मालकीण अगदी कमी बोलणारी बाई. तिने एकच विचारलं, “टाकी केवढी आहे?” मी हात पसरून दाखवलं. तिला काही अंदाज येईना, म्हणून मी पुन्हा दाखवलं, आणि आत्या, हात दुसऱ्यांदा पसरले की आपोआप जास्त पसरतात. मग सासऱ्यांनी दाखवलं. त्यांच्या हातांमध्ये तर आमचं कपाटही मावलं असतं. बाईने त्या मापाचा फिल्टर काढला. त्याच्या शेजारीच साबणाच्या वडीएवढा एक छोटा फिल्टर होता. मी त्याच्याकडे बोट दाखवल्यावर सासरे म्हणाले, “पंप नेहमी एक माप मोठा घ्यावा. पुढे पश्चात्ताप होत नाही.” (लहानपणी माझे गणवेशही याच तत्त्वावर घेतले जायचे. पश्चात्ताप मला सातवीपर्यंत पुरला.)

घरी येऊन तो ठोकळा आम्ही टाकीत चिकटवला. एक कोपरा तर त्यानेच व्यापला. सासऱ्यांनी उद्घाटन केल्यासारखं बटण दाबलं आणि टाकीत भोवरा सुरू झाला. तळाचे खडे उठले, ती प्लास्टिकची वेल आडवी झाली, आणि आपला मुकादम, जो एरवी दोन्ही पंख पसरून कामाची पाहणी करत फिरतो, तो कपडे धुण्याच्या यंत्रातल्या मोज्यासारखा आमच्यासमोरून जाऊ लागला. एकदा गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. प्रत्येक वेळी तो माझ्याकडे बघत होता. मी बटण बंद करायला धावलो, सासरे म्हणाले थांबा, सुरुवातीला दाब जास्तच असतो. हिने आम्हां दोघांना बाजूला केलं आणि वायरच उपटली. मुकादम तळाशी जाऊन पडला. त्याच्या शेपटीची एक कड फाटली होती. त्या दिवशी घरात कुणी टीव्ही लावला नाही. मी टाकीसमोर खुर्ची टाकून बसलो आणि तुला काय सांगायचं याची मनात वाक्यं जुळवत राहिलो. एकही जुळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी टाकीचं माप टेपने घेऊन एकटाच दुकानात गेलो. बाईने माप ऐकलं, मासा कुठला ते विचारलं, आणि तो साबणाच्या वडीएवढा फिल्टर समोर ठेवला. मग मात्र तिने नीट समजावलं. हा मासा झुळझुळ पाण्यातला नाही, साचलेल्या पाण्यातला. त्याचे लांब पंख म्हणजे त्याला वाऱ्यात साडी सांभाळण्यासारखंच. म्हणून प्रवाह कमी करता येईल असाच फिल्टर घ्यायचा, त्यावरची कळ अगदी कमीवर ठेवायची आणि पाण्याचं तोंड काचेकडे वळवायचं, म्हणजे धार काचेवर आपटून मंदावते. शिवाय पाणी आत ओढलं जातं तिथे स्पंज हवा, नाहीतर शेपूट अडकते. हे सगळं मी करून बघितलं. पाणी नुसतं श्वास घेतल्यासारखं हलायला लागलं. मुकादमाने थोडा वेळ लांबूनच अंदाज घेतला, मग जवळ जाऊन फिल्टरला एक प्रदक्षिणा घातली आणि कामाला लागला.

फक्त फिल्टर गुरगुरत होता. हिला जेवताना गुरगुर चालत नाही (माझीही चालत नाही). इथे मात्र सासऱ्यांना मानलं पाहिजे. त्यांनी डोळे मिटून आवाज ऐकला, “हवा धरलीय,” म्हणाले, आणि फिल्टर पाण्यातच तिरका केला. एक मोठा बुडबुडा सुटला, आवाज बंद. त्यानंतर दिवसभर ते घरात असे फिरत होते की जणू शहराचं पाणी त्यांनीच पुन्हा चालू केलं.

इथे पत्र संपायला हवं होतं. पण काही दिवसांनी मी दुकानातून आलो तर दोरीवर माझ्या बनियनशेजारी फिल्टरचा स्पंज चिमट्याला लटकलेला. सासऱ्यांनी तो नळाखाली धरून ब्रशने घासून पांढराशुभ्र केला होता. मला कौतुकच वाटलं. पण पाणी दोन दिवसांत ताकासारखं झालं आणि मुकादम खाणं सोडून कोपऱ्यात बसला. मी पुन्हा माशांच्या दुकानात. बाईने कपाळाला हात लावला. स्पंजातला तो मळच पाणी निवळतो म्हणे. त्यात उपयोगी जंतूंची वस्ती असते आणि नळाच्या औषध घातलेल्या पाण्याने ती साफ होते. स्पंज धुवायचाच तर टाकीतून काढलेल्या पाण्यात नुसता पिळून घ्यायचा, आणि वाळवायचा तर मुळीच नाही. हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा सासऱ्यांनी टाकीच्या काचेवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, “आयुष्यभर लोकांना पाणी निर्मळ करून पाठवलं. आता म्हणता मळ ठेवा.” त्या दिवसापासून रोज मगाने थोडं थोडं पाणी बदलायचं काम त्यांनीच अंगावर घेतलं. मुकादमाशी ते बोलतही होते. काय बोलत होते ते ऐकू आलं नाही, कारण आम्ही खोलीत गेलो की थांबायचे. पाणी निवळत गेलं आणि मुकादमाने दाणा टिपला.

आणि मग एका संध्याकाळी टाकीत मासाच नव्हता. पाणी आरशासारखं, फिल्टर बिनआवाज, वेल जागच्या जागी, मुकादम नाही. वरच्या झाकणाला एका कोपऱ्यात फट होती. आम्ही कपाट ओढलं, पलंगाखाली विजेरी मारली, चपला झटकल्या. हिने शेजारच्या मांजराच्या तोंडाकडे संशयाने पाहिलं, मांजराने आमच्याकडे तसंच पाहिलं. सासरे खुर्चीत बसून राहिले. मला ते बघवेना, म्हणून मी जरा पाय मोकळे करायला बाहेर पडलो. परत आलो तर ही टाकीपाशी हसत उभी आणि सासरे पंच्याने डोळे पुसत होते (धूळ गेली म्हणाले). हिने फिल्टर काढायला हात घातला होता, तर फिल्टर आणि काच यांच्यामधल्या बोटभर फटीतून मुकादम आळोखेपिळोखे देत बाहेर आला. प्रवाह सगळ्यांत कमी असलेली जागा त्याने शोधून काढली होती आणि तिथे उभ्या उभ्या झोपला होता. दिवसभर लोकांच्या नजरा तपासणाऱ्या तुझ्या भाच्याला एवढ्याशा टाकीतला मासा दिसला नाही, हे माझ्या दुकानात कुणाला सांगू नकोस.

आता शेपटीची कड भरून आली आहे, आणि कालपासून त्याने पाण्यावर बुडबुड्यांचं छोटंसं घरटं बांधायला घेतलं आहे. मासा खुशीत असल्याचं ते लक्षण, असं बाई म्हणाली. आम्हीही खुशीत आहोत. गुडघ्याला जप, घाई करू नकोस. ताईला आणि भाओजींना नमस्कार.

तुझा,
चष्मेवाला भाचा

ता. क. पाय मोकळे करायला मी गेलो ते थेट माशांच्या दुकानात. तू परत आल्यावर रिकामी टाकी कशी दाखवू, या विचाराने मी हुबेहूब मुकादमासारखा दुसरा मासा घेऊन आलो. रंग जुळवण्यात माझा हात कुणी धरणार नाही. ती पिशवी हातात धरून दारातच उभा राहिलो तेव्हा खरा मुकादम आळस देत होता. दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडतात, म्हणून दुसऱ्यासाठी वेगळी टाकी आणि वेगळा छोटा फिल्टर आणावा लागला.

ता. क. २. आता खरं ते लिहितो. सासूबाई गेल्यापासून सासरे आमच्याकडे खिडकीशी बसून असत. कुणी विचारलं तर बोलत, नाहीतर नाही. हल्ली ते सकाळी उठून आधी दोन्ही पंपघरांची पाहणी करतात आणि चहा घेताना हिला अहवाल देतात. परवा ते मला हळूच विचारत होते, आत्याबाई दोन्ही मासे नेतील का हो. तेव्हा एक मासा इथेच राहू दे, एवढी विनंती. तुझा तुला आणि त्यांचा त्यांना.

ता. क. ३. मागच्या रविवारी दोन्ही टाक्या स्वच्छ करताना सासऱ्यांनी दोघांना दोन सारख्या मगांत ठेवलं होतं. ते म्हणतात डाव्या मगात मुकादम होता, ही म्हणते उजव्या. मी मघाशी घरटं बांधणारा म्हणालो तोच तो, असं मी धरून चाललो आहे. ताईच्या फोनवरून एकदा एकमेकांना बघता येईल असा फोन कर आणि दोन्ही टाक्यांकडे बघून तू नेहमी मारतेस तशी हाक मार. जो वळेल तो तुझा. दोघेही वळले, तर ज्याच्याकडे सासरे बघत नसतील तो तुझा.