आप्पांच्या लॉरीचा निळा

निपाणी, शनिवार संध्याकाळ

हात टेकले. जन्मभर लोकांच्या रंग बदलण्यावर विनोदी लेख लिहिले, आणि वीतभर लाकडी लॉरीचा एक निळा मला साधेना. ही प्रतिकृती माझ्या वडिलांनी, आप्पांनी, विकलेल्या खऱ्या लॉरीची, आणि तिचा रंगीत फोटो नाही. पुरावा एकच, आप्पांचे डोळे. त्यातही एकातला मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्यातला पिकलेला.

लहान वस्तूवर रंग गडद दिसतो, म्हणून पांढरा मिसळून लावला आणि उतरत्या उन्हात दाखवली. आप्पांनी पिकलेला डोळा झाकला. "ही कुणाची रं? माझी न्हाय." मग ऑपरेशन झालेला झाकला. टपावरून बोट फिरवलं. "व्हय, हीच. बोरगावचा तंबाखू हिच्यातनंच न्हेला."

"आप्पा, मग रंग कुठल्या डोळ्यासाठी लावू?"

"लई लिवतोस न्हवं? तूच ठरव."

मोतीबिंदूतून सगळं पिवळसर दिसतं; साफ डोळ्यालाही तशीच दिसावी म्हणून थोडा पिवळा मिसळला. "शेवाळ धरलंय हिला," म्हणाले.

आता काय करू? ज्या डोळ्याला लॉरी ओळखू येते, त्याचंच सोमवारी ऑपरेशन. पुढं ढकला म्हणायला मघाशी डॉक्टरांना फोन लावला, आणि त्यांनी उचलायच्या आत कापला.