पाठीवर होडी, पोट कोरे

मी, पेसामिनो लाफोंगा, धंदा सुतारकाम, राहणार फांगालेले, उपोलू बेट, सामोआ, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, मला कुणी धाक घातलेला नाही, काही पाजलेले नाही आणि खालचा मजकूर माझ्याच हातचा आहे. डोक्याबद्दल माझी मुलगी तेलेसिया हिचे मत वेगळे आहे. ते तिने आज दुपारीच, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा बेताने, मला सांगितले.

वय अडुसष्ट. जन्म ३० डिसेंबर १९५४चा. २०११ साली सरकारने आपला देश तारखेच्या रेषेच्या पलीकडे नेऊन ठेवला तेव्हा आम्ही गुरुवारी झोपलो आणि शनिवारी उठलो. मधला ३० डिसेंबर उगवलाच नाही. म्हणजे माझा सत्तावन्नावा वाढदिवस झालेला नाही, सबब वय सदुसष्ट धरावे असे माझे म्हणणे आहे. आपिआच्या इस्पितळातल्या डॉक्टरबाईंना हे पटले नाही. त्यांनी माझ्या हृदयाचा फोटो दोनदा उजेडात धरला आणि म्हणाल्या, "काका, लिहून-बिहून ठेवलंय ना सगळं?" म्हणून हा खटाटोप.

वकील म्हणाला होता, मृत्युपत्र एका पानात बसवा आणि त्यात गोष्टी सांगत बसू नका. पोरगा हुशार आहे, पण अजून त्याचे लग्न व्हायचे आहे.

कलम १. जमीन माझी नाही. ती घराण्याची आहे, ती मला देता येत नाही आणि वकिलालाही घेता येत नाही. सरदारकीची पदवीही मी कुणाला देऊ शकत नाही, कारण ती मी घेतलेलीच नाही. घराण्याने दोनदा माझ्यापुढे धरली आणि दोनदा मी हात जोडले. "माझी लायकी नाही," असे मी भर बैठकीत म्हणालो. म्हातारे गहिवरले. तेव्हापासून गावात नम्रपणाचा विषय निघाला की माझे नाव घेतात. माझी लायकी खरोखरच नव्हती, ही शक्यता एकाच्याही डोक्यात आली नाही.

कलम २. मागचे पत्र्याचे घर, भांडीकुंडी, शिवणयंत्र आणि चर्चचा माझा पांढरा सूट तेलेसियाला द्यावा. सूट तिच्या नवऱ्याला होणार नाही. त्याने जेवण कमी करावे.

पुढचे खुले घर दोघा भावंडांचे. त्याचे खांब मी तासले, सांधे सुंभाने बांधले, खिळा एकही नाही. १९९० आणि ९१ अशी लागोपाठ दोन वादळे त्याने पचवली. त्याला भिंती नाहीत, जशा आमच्या कुठल्याच जुन्या घराला नसतात. बिनभिंतीच्या घरात सेहेचाळीस वर्षे एक गुपित सांभाळणारा दुसरा माणूस या बेटावर असेल तर त्याने मला येऊन भेटावे. ते गुपित कलम पाचमध्ये आहे, आधीच उड्या मारू नयेत.

कलम ३. उलांडीची, म्हणजे कडेला तोलाचे लाकूड बांधलेली, होडी मुलगा एतेउआती याला. ऑकलंडला ती नेता येणार नाही, हे मला माहीत आहे. तिच्यासाठी त्याने इथे यावे.

वाकस, रंधे, पटाश्या आणि दोन्ही करवती मी माझा चुलतभाऊ फालानिको याच्या नावे लिहिल्या होत्या. वकील म्हणाला, साक्षीदाराला काही देता येत नाही. फालानिको म्हणाला, "तुझी बोथट हत्यारं तुलाच लखलाभ, मला सहीच करायची आहे." सबब हत्यारे गावच्या शाळेला जावीत.

कलम ४. शेजारी आपेरामो याला मी क्षमा करतो. त्याच्या डुकरिणीने २००९ साली माझे अळूचे वाफे उकरले. तो म्हणतो, त्या आठवड्यात देशाने उजवीकडून गाडी चालवायची सोडून डावीकडून सुरू केली म्हणून जनावर गोंधळले. क्षमा केली असली तरी माझ्या अंत्यविधीला त्याला मागच्या चटईवर बसवावे, आणि पानात डुकराचे मांस वाढू नये.

कलम ५. हे कलम गुरुवारी मी असे लिहिले होते: "माझ्या देहाला आंघोळ फक्त फालानिकोने घालावी. त्या वेळी चारी बाजूंनी चटया लावाव्यात. मुलगा, जावई व पुतणे यांनी बाहेर बसून स्तोत्रे म्हणावीत. कुणीही आत डोकावू नये."

हे असे का लिहिले, ते आता सांगणे भाग आहे.

१९७७ साली मी आणि फालानिको पेआ गोंदवून घ्यायला सवाइई बेटावर गेलो. पेआ म्हणजे कमरेपासून गुडघ्यापर्यंतचे पुरुषाचे गोंदण. ते नसलेला माणूस आमच्या आजोबांच्या लेखी उघडा. गोंदायला दोघे जोडीने बसतात, एकाचे दुखणे दुसऱ्याने पाहायचे. रानडुकराच्या सुळ्याची दातेरी फणी शाईत बुडवून कातडीवर ठेवतात आणि वरून लाकडाचा टोला. असे बारा दिवस. बोटीतून आलेल्या पहिल्या पाद्र्यांनी ही रीत मोडायचा पुष्कळ प्रयत्न केला, त्यांना जमले नाही. माझ्यापुरते ते काम मी तीन दिवसांत उरकले.

सुरुवात पाठीपासून होते. कमरेच्या वर होडीची आडवी नक्षी येते, मग मागचा भाग भरत जातो, आणि पोट अगदी शेवटी. तिसऱ्या दिवशी दुपारी डावी कूस सुरू झाली. टोला बरगडीखालून डोक्यात वाजत होता. मी गोंदणाऱ्या उस्तादांना म्हणालो, जरा समुद्रात धुऊन येतो. समुद्राकडे न जाता बस धरली, मग बोट धरली, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेआधी आपिआत काकूच्या घरी होतो.

तिथे मी नऊ दिवस लपलो. काकू अंगणात खुर्ची टाकून बसायची आणि मी तिच्यापुढे लंगडून दाखवायचो. "एवढं नको," ती म्हणायची, "तुला गोंदलंय, बसखाली आला नाहीस तू." तिकडे फालानिकोने उस्तादांना सांगितले, पेसामिनोची आई मरणाला टेकली म्हणून तो गेला. आई त्या वेळी चर्चमध्ये सगळ्यांत मोठ्या आवाजात गात होती. बाराव्या दिवशी जोडीदारांना शेजारी बसवून अंगाला तेल चोळतात. फालानिको एकटा बसला, आणि त्याच्याशेजारची चटई उस्तादांनी रिकामी ठेवायला लावली. मग आम्ही दोघे बरोबर गावात आलो, तो खरा लंगडत आणि मी सरावाने. दोन डुकरे कापली, त्यातले एक माझ्या नावाचे. मी दोनदा वाढून घेतले.

फालानिको माझ्याशी अकरा वर्षे बोलला नाही. बाराव्या वर्षी येऊन म्हणाला, "फणसाची फळी आहे का?" मी दिली.

मागून मी कुठल्याही सरदाराच्या तोडीचा दिसतो. पुढून बघायची वेळ मी येऊ दिली नाही. कमरेला गुंडाळायचे लावालावा बेंबीच्या वर बांधतो, धोतरासारखे खाली घोट्यापर्यंत सोडतो. बैठकीत आवा, म्हणजे मुळ्यांचे मानाचे पेय, वाटायला पेआवाला तरुण मांडीवर लावालावा खोचून उभा राहतो. माझी पाळी आली की मला गळू व्हायचे. इतकी गळवे या गावात कुणाला झाली नसतील. सरदारकीला नाही म्हणालो तेही याच भीतीने. माझी बायको मोएलांगी, देव तिला सुखात ठेवो, लग्नाच्या पहिल्या आठवड्यात म्हणाली, "मागून बघितलं की वाटतं, सरदाराशी लग्न केलं. तू वळलास की घोटाळा होतो." पण तिने बाहेर कुठे चकार शब्द काढला नाही.

इथपर्यंत हसण्यासारखे आहे. पुढचे तसे नाही.

एतेउआती एकोणीस वर्षांचा असताना शिक्षकांचे कॉलेज अर्ध्यात सोडून घरी आला. मी याच खुल्या घरात, याच खांबाला टेकून त्याला म्हणालो, "आपल्या घरात अर्ध्यावर उठणारा कुणी जन्माला आलेला नाही. तुझ्या बापाची पाठ बघ." आणि मी खरोखर वळून पाठ दाखवली. महिन्याभरात पोरगा ऑकलंडला गेला. बावीस वर्षांत दोनदा आला, एकदा बहिणीच्या लग्नाला, एकदा आईच्या मातीला.

या बुधवारी तो तिसऱ्यांदा आला. पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाला, "बाबा, सोमवारपासून सवाइईला पेआला बसतोय. गोंदताना डोकं धरायला तुम्ही हवेत. या वेळी अर्ध्यावर उठणार नाही, बघा तुम्ही." तेलेसियाने नारळाच्या रसातली अळूची पाने भट्टीतून काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याला ती जिवापाड आवडतात. त्याने हातही लावला नाही. त्या चेहऱ्यावर काय होते ते मला कुणी सांगायला नको, सवाइईला जाणाऱ्या बोटीत मी तेच तोंड घेऊन बसलो होतो. तरी मी गप्प राहिलो आणि दुसऱ्या दिवशी वरचे कलम लिहिले. म्हटले, आपण मेल्यावर कळले तर कळले, आपल्याला थोडेच ऐकायचे आहे!

शुक्रवारी फालानिको सहीला आला. त्याने कलम पाच वाचले आणि चष्मा काढला.

"हे काय आहे?"

"आंघोळ."

"मी नाही घालणार तुझ्या मढ्याला आंघोळ."

"अरे, भाऊ ना तू माझा?"

"म्हणूनच! जिवंतपणी झाकलं, आता मेल्यावर चटया लावूनही मीच झाकू? तो पोरगा सोमवारी तिथे आडवा होणार, का तर बापासारखं व्हायचंय. मग सांग की त्याला, सोपं आहे, तिसऱ्या दिवशी बस असते."

"सांगतो रे."

"कधी? वकील हे वाचून दाखवेल तेव्हा? आधी सांग, मग माझी सही. नाहीतर दुसरा साक्षीदार बघ. आपेरामोला बोलाव, रिकामाच असतो."

आज शनिवारी सकाळी एतेउआती उद्याच्या जेवणासाठी नारळ खवत बसला होता. मी समोर बसलो आणि सांगितले. बस, बोट, काकू, लंगडणे, सगळे. त्याचा हात थांबला.

"म्हणजे तुम्ही..."

"हो."

"आणि मला पाठ दाखवलीत?"

"दाखवली."

"बावीस वर्षं, बाबा! वखारीत सामान उचलताना, गाडी चालवताना, आईची शवपेटी खांद्यावर घेतली तेव्हासुद्धा, तुमचं ते वाक्य कानात घेऊन फिरलो मी. काय म्हणू आता तुम्हाला?"

त्याने परात बाजूला सारली. उठून किनाऱ्यावर गेला. उरलेले चौदा नारळ मी खवले, पाचवा खवताना बोट कापून घेतले, थांबलो नाही. इतकी लाज मला पळालो त्या दिवशीसुद्धा वाटली नव्हती. वाटले, आता हा थेट विमानतळावर जाईल, आणि माझ्या मातीलासुद्धा येणार नाही.

ऊन डोक्यावर आले तेव्हा तो परतला. समोर उभा राहून म्हणाला, "दाखवा."

"इथे? अरे, आपेरामो कुंपणाशी उभा आहे."

"असू दे. दाखवा."

मी लावालावा सैल करून बेंबीखाली घेतले आणि खालचा काठ वर खोचला. सेहेचाळीस वर्षांत माझ्या पुढच्या बाजूला ऊन लागले नव्हते. एतेउआती गुडघ्यांवर बसला आणि घड्याळजी बघतो तसा निरखून बघू लागला. डाव्या कुशीवर एक रेघ चार बोटे येऊन थांबते. तिच्या टोकावर त्याने बोट ठेवले.

"इथे उठलात?"

"इथेच."

"फार दुखलं?"

"फार. आई आई करून ओरडलो मी."

त्याने बोट उचलले नाही. म्हणाला, "पुष्कळ झालंय की, बाबा. सगळी पाठ झाली आहे. एवढं तरी माझ्याच्यानं होईल का, कुणास ठाऊक."

मी रडलो. हे मृत्युपत्रात लिहिण्याजोगे नाही, पण झाले ते असे झाले. मी आजवर फक्त कोरी जागाच मोजत आलो होतो. आपेरामोही कुंपणापलीकडे नाक पुसत होता, सबब कलम चारमधली चटईची अट मी काढून टाकतो. मांसाची राहू द्यावी.

कलम ६. कलम पाच रद्द. माझ्या देहाला आंघोळ माझा मुलगा एतेउआती याने घालावी, दिवसाउजेडी घालावी, आणि ज्याला बघायचे असेल त्याला बघू द्यावे.

कलम ७. सोमवारी मी त्याच्याबरोबर जात आहे. डॉक्टरबाईंनी प्रवासाला मनाई केली आहे, आणि तेलेसियाचे मत वर आलेच आहे. तिथे माझे हृदय बंद पडले तर उस्तादांना कुणी बोल लावू नये. मी एतेउआतीला म्हटले, नको वाटत असेल तर जाऊ नकोस, आता कुणासाठी जायचे? तो खोबऱ्याची परात उचलत म्हणाला, "जायचंय मला. पण जाम घाबरलोय."

"मीही," मी म्हणालो.

"मग डोकं घट्ट धरा. आणि पळायचीच वेळ आली ना बाबा, तर या वेळी दोघं बरोबर पळू."

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे, म्हणजे फालानिकोच्या सांगण्यावरून, लिहिला आहे. याआधीचे मृत्युपत्र नाही. याआधी मी खरे असे फारसे काही लिहिलेलेच नाही.

सही: पेसामिनो लाफोंगा

साक्षीदार पहिला: फालानिको तुआला. माझ्यादेखत सही केली. शेवटपर्यंत खाली बसून राहिला, उठला नाही.

साक्षीदार दुसरी: लांगिमाईना सेउली, शिक्षिका, गावची शाळा. सही पाहिली. बाकीचे काही पाहिलेले नाही.

स्थळ: फांगालेले, उपोलू. शनिवार, १६ सप्टेंबर २०२३.