डुकराला इचारलं

आई, तू मला डुकरा म्हणायचीस. पाय न धुता चुलीपुढं आलो की डुकरा, भाकरीआधी आमटी संपवली की डुकरा. म्हणून सांगलीच्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी मला आतडं जोडायचा सराव खऱ्याखुऱ्या डुकरावर करायला लावला, तेव्हा आधी तूच आठवलीस. डुकराची आतडी बरीचशी माणसासारखी, तेव्हा त्याच्यावर हात बसल्याशिवाय माणसाला सुई लावायची नाही, अशी त्यांची शिस्त. क्लोरोफॉर्म देण्याआधी त्याला साबणानं घासताना डुक्कर चकचकीत झालं आणि मी चिखलानं माखलो.

लढाई नुकतीच संपली होती, मामा हवालदार होऊन परतला होता. इस्लामपूरच्या बाजारात लोक त्याला विचारू लागले, "भाचा डुकरांचा डाक्टर झाला म्हणं?" मामाचं नाकच कापलं गेलं. माझी जमत आलेली सोयरीकही मोडली.

अशात तुझ्या पोटात अन्न ठरेना. मामानं तुला आमच्याकडेच आणलं. मोठे डॉक्टर म्हणाले, आतडं एका जागी आवळलंय, तेवढा तुकडा काढून टोकं जोडली नाहीत तर बाई उपासानं जाईल. टाके हाच घालेल, म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मामा ताठ उभा राहिला. "डुकराच्या पोटात घातल्यालं हात माझ्या भनीच्या पोटात? न्हाई जमायचं!" मी फार घाबरलो होतो, आई. त्यानं तुला परत नेलं असतं तर तू गेलीच असतीस.

तू पडल्या पडल्या विचारलंस, "ते डुक्कर हाय का गेलं रं?"

"आहे. मागं बांधलंय."

"दाव मला."

मामाच्या खांद्याला धरून तू परसात उभी आहेस. डुक्कर शिळ्या भाकरीवर तुटून पडलंय, आणि पेजेचा घोटही पचवू न शकणारी तू त्याच्याकडे हेव्यानं बघते आहेस.

"खाल्ल्यालं पचतंय त्येला?"

"पचतं."

"परसाकडं बी साफ?"

"साफ."

"मग ह्येच्यावानीच मला शिव. आवं दादा, डुकराला इचारलं, आता तुमाला काय इचारायचं?"

मोठ्या डॉक्टरांनी पोट उघडलं आणि जोडायच्या वेळी सुई माझ्या हातात देऊन शेजारी उभे राहिले. तू वाचलीस. त्या दिवाळीत भाऊबीजेला तू परसातल्या तुझ्या नव्या भावाला करंज्या पाठवल्यास, त्याही मामाच्या हाती. तो हवालदार पिशवी घेऊन दवाखान्यात शिरला तेव्हाचं त्याचं तोंड मी अजून विसरलेलो नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. तुला वाचता येत नव्हतंच. सांगलीहून लिहिलेली पत्रं घरी आल्यावर मीच वाचून दाखवायचो, आणि अडचणीचा मजकूर गाळायचो. आज गाळत नाही. तुझं आतडं शिवताना ही आई आहे असं मनात आलं की सुई हलायची. म्हणून शेवटच्या टाक्यापर्यंत मी मनात घोकत होतो, डुक्कर आहे, डुक्कर आहे.

हे ऐकून तू एकच शब्द म्हणाली असतीस. आता मला तसं म्हणणारं कुणी उरलेलं नाही, आई, आणि तो शब्द ऐकावासा फार वाटतो.