दोन नंबरचा पॅड

३ मार्च
खेळाच्या हॉलवाल्या काकांना जुन्या थाटाची व्हिडिओ गेमची पेटी हवी आहे. उभी, दांडा आणि गोल बटणं असलेली. "आत काय घालायचं ते घाल, कोण उघडून बघतंय!" म्हणून बाजारातले सगळ्यात फालतू दोन गेमपॅड उचलून आणले. दोन्ही एकसारखे, जुळे भाऊ!

पहिला उघडला. बटणांखालचे काळे ठिपके ब्लेडने खरवडले आणि त्यांवर वायरी सोल्डर केल्या. तो बोर्ड आता पेटीच्या फळीखाली बसेल. टेबल बाबांच्या खोलीतच मांडलंय, म्हणजे लक्ष राहतं.

लक्ष कसलं ठेवायचं! अर्धांगाचा झटका आल्यापासून दोन महिने डोळे मिटून पडलेत. दादा येऊन सांगून गेला की रविवारी बाबांना न्यायला शुश्रूषागृहाची गाडी येणार. "आत कोणी नाही गं आता. मान्य कर." बाबांच्या उशाशी उभा राहून बोलला. मला इतका राग आला की सोल्डरची तापलेली सळई हाताला पोळली तेही कळलं नाही.

४ मार्च
दुसरा पॅड इतक्यात उघडायचा नाही. तसाच बाबांच्या उजव्या हाताखाली ठेवला, अंगठा तीन नंबरच्या बटणावर. रबराचं बटण, मऊ, आवाजही होत नाही. दोन नंबरच्या पॅडवर ते दाबलं की कॉम्प्युटरवर घंटा वाजेल, असं बसवलं. पेटीची फळी एक नंबर, तिच्यावर चाचणीचा खेळ चालतो. बाबांच्या कानात सांगितलं, "काही हवं असेल तर दाबा." डॉक्टर म्हणाले, "आशा ठेवा, पण फार नको."

दुपारी वीज जाऊन आली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. घंटा नाही.

५ मार्च
घंटा नाही. आणि फळीचंही काहीतरी बिनसलंय. मी बटण दाबते तर पडद्यावरचा माणूस ढिम्म! हात काढला, चहा घ्यायला वळले — आणि त्याने आपोआप उडी मारली.

कुठलीतरी वायर सुटली असणार. सगळे टाके परत मारले.

६ मार्च
तिसऱ्यांदा सोल्डर केलं. पॅडच्या काढलेल्या दांड्याच्या जागी दोन रेझिस्टर लावले, नाहीतर बोर्ड भरकटतो. आता भरकटायला जागाच नाही. तरी उड्या चालूच!

दादा आणि वहिनी बाबांचे कपडे भरायला आले. दादा म्हणाला, "चार सदरे पुरेत, तिथे कोण बदलणार." पडद्यावरच्या माणसाने उडी मारली. परत मारली. मारतच राहिला, थांबेचना. वहिनी दारात सरकल्या. "बंद करा हो ते. अंगावर काटा येतो."

"स्वस्तातला माल आहे वहिनी, अंगात येतं त्याच्या," मी म्हटलं. हसले खरी, पण पडदा बंद केला.

७ मार्च
फळीवर आतापर्यंत दोनच बटणं होती. आज तिसरं, उडीचं, जोडलं. दाबून पाहिलं —

घंटा वाजली!

धावत बाबांकडे गेले. "बाबा! बाबा!" काही नाही. डोळे मिटलेले. टेबलाशी परत आले. फळीवरचं बटण पुन्हा दाबलं. घंटा. पुन्हा. घंटा.

मग लक्षात आलं. दोन जुळे पॅड, कॉम्प्युटरला दोघांचं नाव एकच. वीज गेली तेव्हा त्याने क्रमांक उलटे लावले. माझी फळी झाली दोन नंबर. आणि एक नंबर... पडदा लावला. तो माणूस उड्या मारत होता. बाबांचं पांघरूण उचललं. अंगठा हलत होता. इतका थोडा, की वाकून बघावं लागलं.

तीन दिवस बाबा हाका मारत होते आणि मी वायरी बदलत होते. काल दादाचं बोलणंही त्यांनी ऐकलं होतं. मी तर पडदाच बंद केला! त्यांचा हात धरून रडले.

८ मार्च
क्रमांक सुलटे केले. आता घंटा त्यांच्याच हातात. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

दादा म्हणाला, "नसती खुळं काढू नकोस." मी म्हटलं, "तूच विचार. तुझ्या डोक्यात किती टाके पडले होते लहानपणी?" ते मला माहीतच नाही, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. त्याने विचारलं. घंटा सात वेळा वाजली. दादा मटकन खाली बसला.

गाडी दारातून परत पाठवली. जिंकले!

९ मार्च
सगळं आम्हीच ठरवलं, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. सकाळी विचारलं. "इथेच राहायचं ना, बाबा?"

दोनदा.

"मग तिकडे जायचंय?"

दोनदा.

तिसरा प्रश्न माझ्या ओठांवर आलाच नाही, नुसता मनात आला. सुटायचंय?

घंटा वाजली. एकदाच.